दोन अटॅक झाले म्हणून आतडं कापायचं का?

पत्र: वडील ५९ वर्षांचे आहेत. एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात मुकादम. शुगर-बीपी नाही, विडी आहे. गेल्या सव्वा वर्षात दोनदा डाव्या ओटीपोटात जोरात दुखून ताप आला. दोन्ही वेळा सीटी स्कॅनमध्ये ‘सिग्मॉइड डायव्हर्टिक्युलायटिस’ निघालं. पू नव्हता, आतडं फुटलेलं नव्हतं, सलाईन आणि अँटिबायोटिकवर बरे झाले. इथले सर्जन म्हणतात, दोन अटॅक झाले, आता तेवढा भाग काढून टाकू. पुण्यातल्या सर्जननी थांबायला सांगितलं. जर्मनीतला चुलतभाऊ म्हणतो तिकडे लगेच ऑपरेशन करतात, आणि त्याचा स्वीडनमधला मित्र म्हणतो तिकडे अँटिबायोटिकसुद्धा देत नाहीत. आजार एकच असताना चार ठिकाणी चार उत्तरं कशी? आम्ही कोणाचं ऐकायचं? आईने शेंगाचटणी आणि भाकरी बंद करून दूधभात सुरू केलाय. मध्ये दोनदा लघवीच्या इन्फेक्शनचा कोर्स झाला, पण तो विषय वेगळा. — एक वाचक, जुळे सोलापूर

उत्तर:

तो विषय वेगळा नाही. पत्रातलं ते शेवटचं वाक्य आधी घेऊ, कारण बाकी सगळी चर्चा त्याच्यावर अवलंबून आहे.

सिग्मॉइड म्हणजे मोठ्या आतड्याचा गुदाशयाच्या आधीचा वळणदार भाग. पुरुषांत तो मूत्राशयाला जवळजवळ टेकून असतो. बायकांत मध्ये गर्भाशय येतं, म्हणून पुढची भानगड पुरुषांत आणि गर्भाशय काढलेल्या बायकांत जास्त दिसते. सिग्मॉइडला पुन्हा पुन्हा सूज आली की ते मूत्राशयाला चिकटतं आणि कधी कधी दोन्हींच्या मध्ये बारीक वाट पडते. हा फिस्टुला. आतड्यातले जंतू आणि हवा त्या वाटेने लघवीत उतरतात. पेशंट युरीन इन्फेक्शनची औषधं घेत राहतो, कोर्स संपला की जळजळ परत येते, आणि आतड्याचा डॉक्टर वेगळा, लघवीचा वेगळा असला की दोन्ही टोकं कुणी जोडत नाही.

वडिलांना स्पष्ट विचारा: लघवी संपता संपता बुडबुडे किंवा हवा येते का? लघवी गढूळ, मळकट, घाण वासाची असते का? या वयाची माणसं हे आपण होऊन सांगत नाहीत. मग सीटीची सीडी घेऊन रेडिऑलॉजिस्टकडे जा आणि एवढंच विचारा, की कॅथेटर (लघवीची नळी) घातलेला नसताना मूत्राशयात हवा दिसते का आणि सिग्मॉइडला लागलेली मूत्राशयाची भिंत जाड झालीय का. पुढच्या वेळी जळजळ झाली तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी लघवी कल्चरला द्या. एकापेक्षा जास्त प्रकारचे जंतू वाढले तर संशय बळावतो.

आणखी एक तपासणी आहे, अगदी स्वयंपाकघरातली. सुमारे ५० ग्रॅम अख्खी खसखस दह्यात कालवून खायची आणि पुढचे ४८ तास प्रत्येक वेळची लघवी पांढऱ्या भांड्यात धरून बघायची. लघवीत खसखशीचे दाणे दिसले तर वाट आहे, यात शंका उरत नाही. दिसले नाहीत तर शक्यता बरीच कमी होते. खसखस भाजून-वाटून चालणार नाही, दाणा अख्खाच पोटात गेला पाहिजे. हे डॉक्टरांना सांगून करा, आणि पोट दुखत असताना किंवा शौचाला अडलेलं असताना करू नका. साठीच्या आसपास इन्फेक्शनचं साधं कारण प्रोस्टेटही असतं. त्यासाठी सोनोग्राफीत लघवी करून आल्यावर मूत्राशयात किती शिल्लक राहते ते मोजून घ्या.

फिस्टुला निघाला तर तुमचा चार गावांचा वाद तिथेच मिटला. प्रकृती झेपणारी असेल तर कुठल्याही देशातला सर्जन ऑपरेशनच सुचवेल.

फिस्टुला नाही असं धरून पुढे जाऊ.

आतड्याच्या भिंतीला रक्त पुरवणाऱ्या बारीक धमन्या स्नायूच्या थरातून आरपार जातात. ती जागा मुळात कमजोर. सिग्मॉइड अरुंद असल्यामुळे आतला दाब तिथे सर्वात जास्त चढतो आणि या कमजोर जागांतून आतलं अस्तर बाहेर फुगतं. असे फुगवटे नुसते असणं हा आजार नव्हे. त्यातल्या एखाद्याला सूज येऊन दुखणं-ताप सुरू झाला की तो डायव्हर्टिक्युलायटिस.

‘दोन अटॅक झाले की काढा’ हा नियम तुमच्या सर्जननी मनाने काढलेला नाही. अमेरिकेतल्या कोलोरेक्टल सर्जनच्या संघटनेने २००० साली छापलेल्या मार्गदर्शनात तो होता, आणि त्याच्या मुळाशी १९६९ साली प्रसिद्ध झालेली निरीक्षणं होती. म्हणजे सीटी स्कॅन यायच्या आधीच्या काळातली. भीती अशी होती, की प्रत्येक अटॅक आधीच्यापेक्षा वाईट असणार आणि औषधं कमी कमी लागू पडणार. पुढे आकडे जमले तेव्हा चित्र उलटं निघालं. आतडं फुटून पोटभर पू होण्याचे प्रकार बहुतेक वेळा पहिल्याच अटॅकमध्ये होतात. साधे अटॅक येऊन गेलेल्या माणसाचं आतडं नंतर फुटण्याची शक्यता वाढत नाही, आसपासचे अवयव चिकटून ती कमीच होत असावी. त्यामुळे ‘पुढे फुटेल म्हणून आत्ताच काढू’ हा हिशेब कोसळला. त्याच संघटनेने २००६ साली अटॅक मोजण्याचा निकष सोडला आणि पेशंट बघून ठरवा असं सांगितलं. पण एका पिढीच्या हाताला बसलेला नियम कागद बदलल्याने सुटत नाही. कुठे दहा वर्षांनी सुटतो, कुठे अजून चालू असतो. तुम्हाला मिळालेल्या वेगवेगळ्या उत्तरांचं अर्धं कारण हेच.

उरलेलं अर्धं फक्त या आजाराचं नाही. १९७३ साली अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात वेनबर्ग आणि गिटलसन यांनी शेजारशेजारच्या भागांतली ऑपरेशनं मोजली. टॉन्सिल काढण्याचं प्रमाण कुठे दहा हजारी १३, तर कुठे १५१. मुलांचे घसे त्या एका राज्यात इतके वेगळे नव्हते, डॉक्टरांची मतं वेगळी होती. ज्या ऑपरेशनबद्दल शास्त्राचं उत्तर ठाम असतं, उदाहरणार्थ खुब्याचं हाड मोडणं, तिथे गावागणिक फरक कमी पडतो. जिथे ‘करावं की नाही’ हे पेशंटला किती त्रास होतो आणि तो किती धोका पत्करतो यावर ठरतं, तिथे फरक मोठा. वडिलांचा आजार या दुसऱ्या गटातला.

स्वीडनच्या मित्राचं म्हणणं खरं आहे, पण अर्धवट पोचलेलं. स्वीडन आणि आइसलंडमध्ये ६२३ पेशंटवर झालेला अभ्यास २०१२ साली आला. सीटीने खात्री केलेल्या साध्या डायव्हर्टिक्युलायटिसमध्ये अँटिबायोटिक दिलं आणि नाही दिलं, तरी गुंतागुंतीत फरक पडला नाही. नेदरलँडमधल्या अभ्यासानेही २०१७ मध्ये तेच दाखवलं. यातला ‘सीटीने खात्री केलेल्या साध्या’ हा भाग गाळून चालत नाही. पू नाही, आतड्याबाहेर हवा नाही, पेशंट गळालेला नाही, स्टेरॉइड चालू नाहीत, आणि बिघडलं तर त्याच दिवशी परत दाखवता येतं, हे सगळं धरून ते आहे. अक्कलकोटच्या पुढच्या एखाद्या खेड्यातून ४० किलोमीटर शेवटच्या एसटीवर अवलंबून आलेल्या माणसाला इथला डॉक्टर अँटिबायोटिक देऊन दोन दिवस ठेवून घेतो, तेव्हा तो मागासलेला नसतो, अंतर बघून वागतो.

जर्मनीबद्दल म्हणाल तर तिथे या आजाराची स्वतंत्र वर्गवारी आहे. वडिलांची केस तिच्यात ‘३बी’ म्हणजे गुंतागुंत नसलेला, पुन्हा पुन्हा येणारा आजार, या खणात बसेल. आणि त्या खणासाठी तिथलं मार्गदर्शनही अटॅक मोजून ऑपरेशन करा असं म्हणत नाही. चुलतभावाने ऐकलं ते एखाद्या सर्जनचं मत असेल, देशाचा नियम नव्हे. (जपान-कोरियात तर आजारच बाजू बदलतो. फुगवटे बहुधा उजवीकडे, दुखणं अपेंडिक्ससारखं, आणि उपचार बहुतेक औषधांचे. तिकडचा सल्ला डाव्या बाजूच्या सिग्मॉइडला लावू नका.)

फरकाचा खरा फटका बसतो तो इमर्जन्सीत, म्हणजे आतडं फुटून पोटात पू किंवा शौच पसरल्यावर. जुना मार्ग हार्टमनचा. फ्रान्सच्या हार्टमन यांनी १९२१ साली तो कॅन्सरसाठी सांगितला होता. खराब भाग काढायचा, खालचं टोक शिवून बंद करायचं, वरचं टोक पोटावर आणून पिशवी लावायची. सहा महिन्यांनी दुसरं ऑपरेशन करून जोडू, असं सांगितलं जातं. प्रत्यक्षात निदान तिसऱ्या हिश्श्याच्या पेशंटचा तो जोड कधीच होत नाही. नेदरलँड, बेल्जियम आणि इटलीतल्या अभ्यासात, २०१९ साली, पेशंट स्थिर असेल तर त्याच वेळी जोड देण्याचा मार्ग तपासला गेला. वर्षभराने पिशवीशिवाय असलेले पेशंट जोडवाल्या गटात सुमारे ९५ टक्के, हार्टमनच्या गटात ७२. तरीही रात्री दोनला जोड द्यायचा की पिशवी लावायची हे हजर असलेल्या सर्जनचा हात, भूलतज्ज्ञ आणि आयसीयूतली खाट ठरवते. पेशंटचं कोसळलेलं बीपी औषधांवर धरून ठेवलेलं असेल तर पिशवी लावणारा सर्जन बरोबरच करतो. नुसतं दुर्बिणीतून पोट धुवून काढण्याचा मार्ग काही वर्षं फार गाजला. युरोपातल्या अभ्यासांत त्यानंतर परत पोट उघडावं लागण्याचं प्रमाण जास्त निघालं, तेव्हा तो जोर ओसरला.

वडिलांसाठी एवढं पक्कं करा: पत्रात लिहिलंत तेवढंच असेल तर घाई नाही. ऑपरेशनचं कारण ‘दुसरा अटॅक’ हे नाही. कारणं दुसरी असतात. फिस्टुला, आतडं आक्रसून शौचाला अडणं, आधीच्या अटॅकमध्ये मोठा पू झालेला असणं, किडनी बदललेल्या किंवा स्टेरॉइडवर असलेल्या पेशंटची नाजूक स्थिती, किंवा दुखण्याने जगणं नकोसं होणं. शेवटचं कारण हलकं समजू नका. नेदरलँडमध्ये वारंवार त्रास होणाऱ्या १०९ पेशंटवर झालेल्या अभ्यासात ऑपरेशन झालेल्यांचं रोजचं जगणं न झालेल्यांपेक्षा चांगलं निघालं. त्याच अभ्यासात जोड दिलेल्यांपैकी सुमारे १५ टक्क्यांचा जोड लीक झाला. बाजू दोन्ही आहेत. वडील महिन्यातून चार दिवस कामावर जाऊ शकत नसतील तर सोलापूरच्या सर्जनचं म्हणणं रास्त ठरतं. दोन अटॅकच्या मध्ये ते ठणठणीत असतील तर पुण्याचं. हे त्यांनाच विचारा, त्यांच्या वतीने तुम्ही उत्तर देऊ नका.

निर्णयाआधी एक तपासणी राहिली आहे. पत्रात कोलोनोस्कोपीचा, म्हणजे दुर्बिणीने मोठं आतडं आतून बघण्याचा, उल्लेख कुठेच नाही. सीटीवर सुजलेलं सिग्मॉइड आणि कॅन्सरने जाड झालेलं सिग्मॉइड कधी कधी सारखंच दिसतं. अटॅक ओसरल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी कोलोनोस्कोपी करा. आधी नको, कारण सुजलेल्या भिंतीत हवा भरली तर ती फुटू शकते. आदल्या दिवशीचं पोट साफ करण्याचं औषध अर्धवट घेतलं तर नेमका सिग्मॉइडच नीट दिसत नाही. शौच पिवळसर पाण्यासारखी स्वच्छ होईपर्यंत ते घ्यावं लागतं.

ऑपरेशन ठरलंच, तर सर्जनशी बोलताना या गोष्टी विचारा. खालचा छेद कुठे देणार? उत्तर ‘गुदाशयाच्या वरच्या भागात’ असं हवं. मोठ्या आतड्यावरून स्नायूचे तीन पट्टे जातात, गुदाशयावर ते पसरून सलग थर होतो आणि तिथे फुगवटे येत नाहीत. सिग्मॉइडचा तुकडा खाली शिल्लक ठेवून जोड दिला तर आजार परत येण्याची शक्यता वाढते. ऑपरेशन अपुरं पडण्याचं हे नेहमीचं कारण आहे. वरचा छेद मात्र मऊ, जाड न झालेल्या आतड्यात द्यायचा. वरचे सगळे फुगवटे काढत बसायची गरज नसते. दोन्ही टोकं ताणाशिवाय जुळावीत म्हणून प्लीहेजवळचं आतड्याचं वळण सोडवून घ्यावं लागेल का, हेही विचारा. ताण असलेला जोड लीक होतो. डावी मूत्रवाहिनी या सुजलेल्या भागाला लागून जाते. चिकटलेलं फार असेल तर आधी तिच्यात नळी घालून ठेवतात, म्हणजे ती हाताला लागते. जोड झाल्यावर ओटीपोटात पाणी भरून खालून हवा सोडतात आणि बुडबुडे येतात का बघतात, सायकलच्या ट्यूबचं पंक्चर शोधतात तसं. हे करणार का, असं विचारायला लाजू नका. पिशवी लागणार नसली तरी तिची जागा आधी उभं करून, बसवून पोटावर आखून घ्या. झोपलेल्या पेशंटवर ऐन वेळी निवडलेली जागा नेमकी लेंग्याच्या नाडीखाली येते. वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता आणि चौथ्या-पाचव्या दिवशी रात्री ताप आला तर कोण बघेल, हेही विचारा. चांगल्या सर्जनला या प्रश्नांचा राग येत नाही. आणि एक अपेक्षा आधीच ठेवा: ऑपरेशननंतरही शंभरातल्या पाच-दहा जणांना अटॅक परत येतो, आणि पोटाची कुरकुर तर चौघांतल्या एकाची राहते.

विडी सोडवा. ऑपरेशन करा, नका करू, विडी बंदच. तिने अटॅकचा धोकाही वाढतो आणि जोड भरून यायलाही अडतो. ऑपरेशनआधी किमान चार आठवडे.

खर्चाचं: महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत तुमचं ऑपरेशन आणि तुमचं हॉस्पिटल बसतं का, हे तारीख घेण्याआधी तिथल्या आरोग्यमित्राला विचारा. भरती झाल्यावर नाही.

आता आईंचा दूधभात. अटॅक चालू असताना दोन-चार दिवस पातळ, पेजेसारखं खाणं ठीक. त्यानंतर भाकरी बंद ठेवणं चूक आहे. १९७१ साली पेंटर आणि बर्किट यांनी या आजाराचा संबंध चोथा काढून टाकलेल्या अन्नाशी जोडला. त्यांच्या मांडणीतलं सगळं जसंच्या तसं टिकलं नसलं, तरी चोथ्याचं जेवण फायद्याचं हे टिकलं आहे. ज्वारीच्या १०० ग्रॅम पिठात सुमारे १० ग्रॅम चोथा असतो. ६० ग्रॅम पिठाच्या एका भाकरीत ६ ग्रॅम आले, आणि दिवसाला हवे असतात सुमारे ३०. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी घरात असताना पांढऱ्या भातावर माणूस ठेवायचं कारण नाही. मात्र पहिल्याच दिवशी तीन भाकऱ्या आणि मटकीची उसळ नको, पोट फुगेल. आठवड्याला एक भाकरी वाढवा. उन्हाळ्यात कारखान्याच्या उष्म्यात पाणी वाढवलं नाही तर तोच चोथा घट्ट बसतो.

शेंगाचटणी खाऊ द्या. दाणे, बिया फुगवट्यात अडकून अटॅक येतो ही समजूत डॉक्टरांचीही होती. अमेरिकेत ४७,२२८ पुरुषांची १८ वर्षं नोंद ठेवली गेली आणि २००८ साली आकडे आले. दाणे आणि पॉपकॉर्न खाणाऱ्यांना त्रास जास्त झाला नाही, उलट थोडा कमीच झाला. तिखट सोसत नसेल तर चटणी कमी तिखट करा, तो प्रश्न वेगळा.

एक गोष्ट मात्र खरंच बंद करायची. कंबर धरली, गुडघा दुखला की मेडिकलमधून घेतलेली डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेनची गोळी किंवा इंजेक्शन. या औषधांनी फुगवटा फुटण्याचा आणि त्यातून रक्त जाण्याचा धोका वाढतो. दुखण्याला पॅरासिटामॉल चालेल. हृदयासाठी डॉक्टरांनी अॅस्पिरिन दिलेली असेल तर ती मनाने थांबवू नका, त्यांना विचारा.

पोट फळीसारखं कडक झालं, खोकलं तरी कळ मारली, थंडी वाजून ताप भरला, उलट्या थांबेनात, शौचातून ताजं रक्त भरपूर गेलं किंवा गॅस-शौच दोन्ही बंद होऊन पोट फुगलं, तर सकाळच्या ओपीडीची वाट बघू नका. रात्री सीटी आणि सर्जन दोन्ही मिळतील अशा ठिकाणी थेट न्या. सिव्हिलला न्या, नाहीतर तसं खाजगी हॉस्पिटल आधीच ठरवून ठेवा. जाताना तोंडाने काही देऊ नका आणि दोन्ही जुन्या सीटीच्या सीड्या बरोबर घ्या.